ट्रंबलसाहेबाची दाढी

त्या कॅम्पात मी पहिल्यांदा जेवायला बसलो, त्या संध्याकाळी एक धिप्पाड सुतार मेसच्या बाकावर चढला, रुमालानं तोंड पुसलं आणि भरल्या मेसला आपल्या बद्धकोष्ठाची हकिगत सांगू लागला. कधीपासून सुरू झालं, कसं वाढत गेलं, कामावर असताना काय हाल झाले, सगळं तपशीलवार. लोक जेवत होते आणि ऐकत होते. कुणी हसत नव्हतं. एकानं तर डाळीचा घास हातातच ठेवून विचारलं, "मग पुढं?" सुतारानं छातीवर हात ठेवला. "एक बाटली. एकच. आज सकाळी मी न्हाणीघरात गात होतो."

टाळ्या पडल्या. आणि दाराजवळच्या टेबलामागून एक दाढी उठून उभी राहिली. दाढी म्हणतो, कारण माणूस नंतर दिसला. मेंदी लावलेली, तांबूस, छातीच्या मध्यापर्यंत उतरलेली, दोन्ही गालांवर पंख्यासारखी पसरलेली अशी ती दाढी होती. तिनं चहूकडे बघून मान लववली आणि पुन्हा खाली बसून मासा सोलायला घेतला.

हे अब्बास सारंग. रत्नागिरीच्या बाजूचे, जयगडच्या खाडीकाठचे. आमच्या कॅम्पाची लाँड्री चालवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. कॅम्प होता सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, खोबरहून दम्मामला जाणाऱ्या रस्त्याला. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, मध्ये मेस आणि भोवती वाळू. मी चिपळूणहून आलेलो, कामावर कोण कधी आला नि कधी गेला ते लिहिणारा टाइमकीपर. चाचांनी माझं नाव कधी विचारलं नाही आणि मी सांगितल्यावरही वापरलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांचा 'टाइमकीपर'.

चाचांच्या औषधाला पैसे पडत नसत. पण फुकटही नसे. ज्याला गुण येईल त्यानं मेसमध्ये बाकावर उभं राहून साक्ष द्यायची, हा दस्तूर. काय होत होतं, किती दिवस होत होतं, बाटलीनं काय झालं, सगळं मोठ्यानं आणि न लाजता. मी एकदा म्हटलं, "चाचा, दोन रियाल घ्या आणि लोकांची अब्रू सोडा." ते म्हणाले, "पैसा घेतला तर मी दुकानदार. साक्ष घेतली तर मी डॉक्टर ट्रंबल."

हा ट्रंबल कोण, ते लाँड्रीत गेल्यावर कळायचं. इस्त्रीच्या टेबलावर भिंतीला काचेखाली एक जुनं कागदी लेबल लावलेलं होतं. पिवळं पडलेलं, एक कोपरा झुरळांनी खाल्लेला. त्यावर एका गोऱ्या साहेबाचं चित्र: उंच कॉलर, कपाळाला आठी आणि पंख्यासारखी दाढी. खाली रोगांची यादी. चाचांना इंग्रजी येत नसे, पण ती यादी तोंडपाठ होती. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत ते वाफेच्या तालावर म्हणायचे, "डिस्पेप्सिया. बिलियसनेस. लॉस ऑफ हेअर. लॉस ऑफ स्पिरिट्स. फेंटिंग ऑफ लेडीज." शेवटचं म्हणताना डोळे मिटून घ्यायचे.

चाचांचे आजोबा राणीच्या राज्यात मुंबईच्या एका इंग्रज एजंटाच्या बाटल्या विकायला कोकणात यायचे. बोटीनं दाभोळ, जयगड, विजयदुर्ग असं बंदराबंदरानं. धक्क्यावर पेटी मांडायची, ढोलकं वाजवायचं आणि बाटली उंच धरायची. पोटदुखीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर ती एकच बाटली चालायची. बरोबर एक विजेचा पट्टाही असे. तो कमरेला बांधला की म्हाताऱ्याला पुन्हा लग्न करावंसं वाटे म्हणतात. गिऱ्हाईक लेबलावरचा साहेब बघे, मग आजोबांकडे बघे. तेव्हा आजोबांनी एक युक्ती केली. त्यांनी साहेबासारखी दाढी वाढवली. पुढच्या फेरीला लोक त्यांनाच ट्रंबल समजू लागले. ती दाढी बापाकडे आली, बापाकडून चाचांकडे.

"म्हणजे ही दाढी जाहिरातीची?" मी विचारलं.

"अर्धी इमानाची, अर्धी दुकानाची," चाचा म्हणाले. "कुठली केव्हा वाढते ते अल्लाला ठाऊक."

पण आजोबांची बाटली आणि चाचांची बाटली एक नव्हती. साहेबाच्या बाटलीत निम्मी दारू असायची आणि चिमूटभर अफू. दारू आजोबांनी लवकरच काढून टाकली, धर्माला चालत नाही म्हणून. अफू मात्र बरेच दिवस राहिली, कारण तिनं रडणारी पोरं झोपत आणि आया दुवा देत. मग एका बंदरावर एक मूल झोपलं ते उठलं नाही. हे चाचांनी मला एकदाच सांगितलं, इस्त्री उभी करून ठेवून. आजोबांनी त्या दिवशी उरलेल्या सगळ्या बाटल्या धक्क्यावरून समुद्रात ओतल्या, रिकाम्या घरी आणल्या आणि त्यांत बडीशेपेचं पाणी भरलं.

"दारू गेली, अफू गेली. राहिलं काय?" चाचांनी काचेवर बोट टेकवलं. "लेबल. अन् एक कायदा. बाटलीनं बरं नाही झालं तर चालेल. बाटलीनं कुणी मरता कामा नये."

हा कायदा ते पाळत. अंगात ताप असलेला माणूस दारात आला की त्याला आत घेत नसत. "ताप माझ्या हद्दीत नाही, मेल्या. दवाखान्यात जा." कॅम्पाचे सुदानी डॉक्टर एकदा रागावून बाटली तपासायला आले. त्यांनी वास घेतला, चमचाभर प्यायले, आणखी एक चमचा प्यायले. म्हणाले, यानं कुणाचं वाईट होणार नाही. चाचांनी लगेच मेसमधला बाक ओढून पुढं केला. डॉक्टर कसेबसे निसटले, पण त्यांच्या तोंडची साक्ष राहून गेली याची रुखरुख चाचांना पुढं कित्येक महिने होती.

सगळ्या साक्षीदारांत अव्वल होता म्हादबा. कागलकडचा वेल्डर, पन्नाशीला आलेला, गळ्यात तुळशीची माळ, हात घमेल्यासारखे. सौदीत आल्यापासून त्याला झोप नव्हती. खोलीतलं एसीचं घरघरणारं यंत्र त्याला सासऱ्यासारखं वाटे, सतत काहीतरी बोलणारं. चाचांनी त्याला निजताना दोन चमचे दिले आणि सांगितलं, "चमचा तोंडात धरून त्या यंत्राला एकदा नमस्कार कर." म्हादबा झोपला. त्याची साक्ष इतकी लांबली की चहा गार झाला आणि आचारी ओरडायला लागला. पुढं तो दर शुक्रवारी शेजारच्या कॅम्पांत जाऊन साक्ष देऊन यायचा, कुणी विचारलं नसताना. चाचा खोटं खोटं वैतागायचे. "हा माणूस माझ्या औषधाचा विजेचा पट्टा आहे," म्हणायचे.

मग नव्वद सालच्या ऑगस्टात सद्दामच्या घशात कुवेत गेलं. आमच्या रस्त्यानं आधी कुवेती गाड्या आल्या, टपांवर गाद्या नि सुटकेसा बांधलेल्या. नंतर अमेरिकन ट्रक आले, वाळूच्या रंगाचे, दिवसभर न संपणारे. गावाहून पत्रं यायची: निघून या. निघायचं कसं? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि काम अर्धवट असताना सुटकेच्या कागदावर सही द्यायला कफील, म्हणजे आमचा अरबी मालक, तयार नाही. थंडी पडली तसं लोक सद्दामच्या विषारी गॅसबद्दल बोलू लागले. तो कसा येतो, कसा दिसत नाही, कातडीला काय करतो. मेसमध्ये साक्षी बंद पडल्या.

एके दिवशी मास्कचं खोकं आलं. ऑफिसातल्या साहेबांसाठी आणि पलीकडच्या बंगल्यांतल्या त्यांच्या बायकामुलांसाठी. कॅम्पाला मिळाले प्लास्टिकचे ताव, चिकटपट्टीची रिळं आणि सल्ला: खिडक्या बंद करा, ओला टॉवेल तोंडावर धरा. मॅनेजरसाहेब मेसमध्ये बोलायला आले. इंग्रज माणूस, सभ्य, उन्हानं भाजून लाल झालेला. म्हणाले, तुमच्या मास्कची मागणी मुख्य ऑफिसकडे गेली आहे, येतील. तोवर घाबरू नका, तुम्ही इथे पूर्ण सुरक्षित आहात. मी त्याचं हिंदी केलं. हे सांगताना साहेबाच्या खांद्याला त्याचा स्वतःचा मास्क पिशवीत लटकत होता, आणि बोलता बोलता तो पिशवीचा पट्टा सारखा नीट करत होता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला लाँड्रीत बोलावलं. दार लावून घेतलं. "टाइमकीपर, तुझ्या ऑफिसात टायपाचं यंत्र आहे."

"आहे."

"नवं लेबल करायचं."

दोन भाषांत मी ते टाइप केलं, एकदा इंग्रजीत, एकदा हिंदीत. 'डॉक्टर ट्रंबल यांचा जगप्रसिद्ध वायुनाशक अर्क. सायरन होताच एक चमचा. विषारी वायू, धूर व भीती यांवर खात्रीचा.' माझ्या पदरची भर म्हणून मी भीतीच्या पुढं 'व मालकांची आश्वासने' असं घातलं होतं. चाचांनी ते खोडलं. "लेबल हसत नसतं. लेबल हसलं की औषध मेलं." मग त्यांनी तळाची ओळ सांगितली, आणि ती टाइप करताना माझीच बोटं अडखळली: 'तुम्ही इथे पूर्ण सुरक्षित आहात. साक्ष: जनरल मॅनेजर.'

"चाचा, हे..."

"तो बोलला का नाही? सगळ्यांसमोर बोलला. बाकावर चढला नाही एवढंच."

रिकाम्या बाटल्या मेसमधून मिळाल्या, बडीशेप आचाऱ्याकडून. आठवड्याच्या आत कॅम्पातल्या प्रत्येक उशीशी एक बाटली. पहिल्यांदा लोक हसले, आणि कित्येक दिवसांनी हसल्यामुळे त्यांनी बाटली ठेवून घेतली. म्हादबानं शुक्रवारी ती शेजारच्या कॅम्पांत पोचवली. तिथून कंपनीच्या ड्रायव्हरांकडे, तिथून दुसऱ्या कंपनीच्या पंजाबी क्रेनवाल्यांकडे. एक दिवस गेटवरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर ती उभी दिसली आणि त्याच दिवशी ती मॅनेजरसाहेबाच्याही टेबलावर आली.

मला आणि चाचांना बोलावणं आलं. साहेबानं बाटली उचलली आणि आश्चर्य म्हणजे त्याचा चेहरा मऊ पडला. त्याच्या आजीच्या फडताळात अशीच एक बाटली होती म्हणे, मुलांनी हात लावायचा नाही अशी ताकीद असलेली. मग त्यानं तळाची ओळ वाचली. तो आणखी लाल होऊ शकेल असं मला वाटलं नव्हतं, पण झाला.

"याला विचार, यात काय आहे?"

मी विचारलं. चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "साहेबाच्या शब्दात जेवढं आहे तेवढंच."

मी भाषांतर केलं. जरासं गुळगुळीत करून, पण केलं.

"ही भोंदूगिरी आहे. याच्यावर विसंबून माणसं मरतील."

"खरं आहे," चाचा म्हणाले. "बाटलीपुढं मास्क ठेवा. मास्क असताना बाटली कोण घेईल?"

"मागणी गेली आहे, मी सांगितलंय."

"मग तोवर साक्ष राहू द्या. साहेबाचा शब्द खोटा असेल तर साहेबानं येऊन सांगावं, मी स्वतः बाक पुसून देतो. खरा असेल तर लेबल खरं."

साहेबानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेरून ट्रक जातच होते. मग त्यानं बाटली खणात ठेवली आणि फोन उचलला. आम्हाला जायची खूण केली, पण दार ओढता ओढता त्याचा आवाज ऐकू आला. तो सभ्य माणूस मुख्य ऑफिसशी असभ्य भाषेत बोलत होता. चाचांना शब्द कळत नव्हते, पण सूर कळला. "हां," ते म्हणाले, "आता औषध लागू पडलं."

मास्क आले. प्रत्येकाला एक, पुठ्ठ्याच्या पेटीत. ते शिकवायला एक फौजी आला. बकल कसं लावायचं, श्वास कसा घ्यायचा, हे झाल्यावर त्यानं दाढीवाल्यांकडे बोट केलं. केसांवरून रबर चिकटत नाही, फट राहते, तेव्हा दाढी काढावी लागेल. त्या दुपारी कॅम्पाच्या न्हाव्यापुढं रांग लागली. कितीतरी माणसं अशी निघाली की ज्यांना हनुवटी आहे हे आम्हाला प्रथमच कळलं. कुणी हसत होतं, कुणी तोंडावर रुमाल धरून खोलीत जाऊन बसलं.

चाचा रांगेत नव्हते. मी लाँड्रीत गेलो तर पेटी तशीच बंद, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

"चाचा, एवढं भांडलात, आणि आता?"

"मी कुठं माझ्यासाठी भांडलो? लेबल काढलेली बाटली कोण हातात धरील रे?" त्यांनी भिंतीवरच्या ट्रंबलकडे बघितलं. "तीन पिढ्यांत हिला वस्तरा लागला नाही. सद्दामसाठी लावू होय?"

तसं कुणीच काही बोललं नसतं, आणि चाचा युद्धभर ओला टॉवेल दाढीवर गुंडाळून बसले असते. पण मध्ये म्हादबा होता.

जानेवारीत लढाई सुरू झाली. एका संध्याकाळी, जेवायच्या आधी, सायरन झाला. आम्ही चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत जाऊन मास्क चढवले. एकमेकांकडे बघून आम्हीच दचकलो, सगळे एका जातीचे किडे झालेलो. चाचा कोपऱ्यात टॉवेल घेऊन बसले. मोजणी केली तर म्हादबा नाही. खिडकीच्या प्लास्टिकमधून बघितलं. तो मेसच्या मागं पाण्याच्या टाकीशी मोकळ्या तोंडानं उभा होता. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात चमचा. आकाशात काहीतरी पेटत वर गेलं आणि फुटलं. तो मान वर करून जत्रेतला पाळणा बघावा तसं बघत होता.

सायरन उतरल्यावर चाचा त्याच्या अंगावर धावले. "मेल्या, मास्क कुठं तुझा?"

"पेटीत हाय की. मला बाटली हाय."

"अरे त्यात काही नाही. पाणी, साखर, बडीशेप, जरा ओवा. मी सांगतो ना. मी."

म्हादबा कौतुकानं हसला. "चाचा, परीक्षा बघताय व्हय गरिबाची?"

"परीक्षा नाही. खुदाकसम पाणी आहे ते."

"मोठा वैद्य असाच असतोय," म्हादबा माझ्याकडे वळून म्हणाला. "आपल्या औषधाला आपण मोठं म्हनत न्हाई." मग चाचांकडे. "अन् तुमी कुठं मास्क लावलाय? आँ? मी बघितलंय. समद्यांनी लावला, तुमी न्हाई. जेनं केलं त्येचा त्येच्यावर इस्वास, मग माझा का नसावा? तुमी बाटलीवर, मी बाटलीवर."

चाचांचा हात दाढीकडे गेला आणि तिथंच राहिला. पुढच्या सायरनलाही म्हादबा टाकीपाशीच उभा. दोघातिघांनी धरून आत आणायला बघितलं, तर वेल्डरचे हात ते. चाचा त्या दिवशी टॉवेलसुद्धा विसरून खिडकीशी उभे राहिले, प्लास्टिकला कपाळ टेकवून. एवढंच पुटपुटले, "आज्याची बाटली. परत आज्याची बाटली."

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जेवण वाढून झालं होतं. एक अनोळखी म्हातारा आत आला. लहानखुरा, गालफडं बसलेली, चेहऱ्याचा वरचा भाग उन्हानं काळवंडलेला आणि खालचा कोवळा, पांढरट, सोललेल्या बटाट्यासारखा. नवा भरती झालेला कुणी असेल म्हणून आचाऱ्यानं त्याच्याकडे ताट सरकवलं. म्हाताऱ्यानं ते बाजूला केलं आणि बाकावर चढला. त्यानं बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाजावरून कळलं, आणि मेसमध्ये चमचा वाजायचा थांबला.

"मी अब्बास सारंग. आजवर दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या, आज माझी ऐका. मी वायुनाशक अर्क केला. तो मी साहेबाला बनवायला केला होता, आणि साहेब बनला. पण त्या बाटलीनं माशी मरत नाही अन् गॅस अडत नाही. ज्याला ती हवी त्यानं जेवणावर प्यावी, ढेकर चांगला येतो. यापुढं तिची साक्ष मी घेणार नाही."

चाचांनी बगलेतली पेटी काढली आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. जयगडच्या धक्क्यावर ढोलकं वाजावं तसा.

"आता हे नवं औषध. विलायती. कडू नाही, गोड नाही, रबराचा वास येतो. सायरन होईल तेवढ्या वेळा घ्यायचं, जेवणाआधी, जेवणानंतर, जेवण तोंडात असताना सुद्धा. दारू नाही, अफू नाही. बायकांना मूर्च्छा आली तर आमची जबाबदारी नाही, कारण हे घातलेला नवरा बघून ती यायचीच." त्यांनी मास्क चढवला, पट्टे ओढले, दोन श्वास घेतले आणि काढला. "बसला. फट नाही. बघा, पूर्वी..." एक हात छातीच्या मध्यावर, जिथवर दाढी यायची तिथं. "...आणि नंतर." आणि हनुवटी पुढं काढून दाखवली.

म्हादबा जागेवरून उठला. सावकाश चालत बाकापाशी आला. एक बोट वर करून त्यानं चाचांच्या हनुवटीला लावलं, रंग ओला आहे का बघावं तसं.

"दाढी कुठं हाय?"

"बाटलीत भरून ठेवलीय. हुंगायची असेल तर ये."

"म्हंजे खरंच पानी व्हतं ते?"

"पाणीच, बाबा."

"आन् माझी झोप?"

"ती तुझी होती. मी नुसतं लेबल लावलं."

म्हादबा ताट तसंच टाकून बाहेर गेला. चाचा बाकावर उभेच होते. उतरावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मग म्हादबा परत आला तो मास्क चढवून, पट्टे उलटे, डोळ्यांवरची काच कपाळाशी. चाचा खाली उतरले आणि त्याचे पट्टे नीट करायला लागले. त्यानंतर शेवटपर्यंत दोघं एकाच भिंतीला टेकून बसत, सायरनमध्ये.

गॅस आला नाही. फेब्रुवारी संपता संपता आमच्याच भागात एक क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलं आणि त्यांची बरीच माणसं गेली. पण गॅस कधीच आला नाही. लढाई थांबल्यावर म्हादबानं भर मेसमध्ये चाचांना गाठलं. "बघा. आलाच न्हाई. बाटलीचा दरारा." चाचांनी माझ्याकडे बघितलं, हनुवटी चोळली आणि या साक्षीला हरकत घेतली नाही.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. ते कायमचे घरी निघाले होते, गुडघे इस्त्रीपुढं उभं राहू देत नव्हते. कंपनीच्या गाडीतून मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. भर दुपार, पण कुवेतच्या पेटलेल्या विहिरींचा धूर आमच्यावर आला होता आणि गाड्यांचे दिवे लागले होते. नाक्यावर पोलिसानं थांबवलं. चाचांनी इकामा, तिथला राहण्याचा परवाना, पुढं केला. पोलिसानं फोटो बघितला, टॉर्च चाचांच्या तोंडावर मारला, पुन्हा फोटो बघितला.

"हाझा मू इंता," तो म्हणाला. हा तू नव्हेस.

फोटोत ट्रंबलसाहेब होता. गाडीत पांढरे खुंट वाढलेला, मेंदी नसलेला म्हातारा. मी माझ्या मोडक्या अरबीत काहीतरी सुरू केलं. चाचांनी मला हातानं गप्प केलं, पिशवीतून ती काच काढली, जुन्या लेबलाची, आणि इकाम्याशेजारी धरली. पोलिस आणखी गोंधळला, कारण आता त्याच्यापुढं दोन दाढीवाले होते आणि दोघंही गाडीतल्या माणसासारखे नव्हते. मग चाचांनी पंजा पसरून आपल्या नाकातोंडावर दाबला, मास्कसारखा, आणि दुसऱ्या हातानं हनुवटीखाली वस्तरा ओढल्याची खूण केली.

पोलिसाचा टॉर्च खाली गेला. तेव्हा गाडीच्या दिव्यांत मला त्याचा चेहरा दिसला. चाळिशीचा माणूस, कपाळ नि गालांची हाडं उन्हानं रापलेली, आणि जबडा कोवळा, फिकट. नुकते कुठं केस धरलेला. त्यानं नकळत त्यावरून हात फिरवला. चाचांनीही आपल्या खुंटांवरून फिरवला.

"यल्ला," पोलिस हळूच म्हणाला आणि इकामा परत दिला. "रूह." जा.

पण चाचा जाईनात. त्यांनी पिशवीत हात घातला, बडीशेपेच्या पाण्याची बाटली काढली आणि खिडकीतून त्याच्या हातात ठेवली. स्वतःच्या हनुवटीकडे, मग त्याच्या हनुवटीकडे बोट दाखवून म्हणाले, "लॉस ऑफ हेअर." पोलिसानं बूच काढून वास घेतला, आजूबाजूला बघितलं आणि एक घोट प्यायला. माझ्या डोळ्यांपुढं ते चित्र अजून आहे: काळं आकाश, मागं गाड्यांची रांग, हॉर्न वाजायला लागलेले, आणि चाचा खिडकीतून अर्धे बाहेर आलेले, कोपर दारावर टेकवून, त्याच्या साक्षीची वाट बघत.